‘आय थिंक’ काढू नका

हल्ली ऑफिसात नवीन पोरं जॉइन झाली की त्यांना ईमेल कसा लिहायचा याचं ट्रेनिंग देतात, आणि त्यात एक स्लाइड हमखास असते: मेलमधून ‘आय थिंक’, ‘मेबी’, ‘जस्ट’, ‘आय मे बी राँग’ हे सगळं काढून टाका, त्याने तुम्ही अनकॉन्फिडंट वाटता. मुलींना तर हे जरा जास्तच ऐकवतात. २०१५ च्या अखेरीस जीमेलसाठी ‘जस्ट नॉट सॉरी’ नावाचं एक प्लग-इन आलं होतं, तुम्ही ‘आय थिंक’ किंवा ‘सॉरी’ टाइप केलं की स्पेलिंग चुकल्यावर येते तशी त्याखाली रेघ उमटायची. हेतू चांगलाच होता, बायका मीटिंगमध्ये उगाच माफी मागत मागत बोलतात ते थांबावं एवढंच. पण मला त्या रेघेचा राग येतो, कारण माझं अर्धं काम म्हणजे लोकांनी काढून टाकलेलं ‘आय थिंक’ परत आत घालणं.

मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कन्सल्टन्सीत आहे. मशीन बंद पडलं, वायर जळाली, टाकीला चीर गेली की आमची पोरं जाऊन बघून येतात आणि हे का झालं त्याचा इंग्रजीत रिपोर्ट लिहितात, क्लायंट कधी चाकणचा असतो कधी जर्मनीचा, आणि रिपोर्ट बाहेर जाण्याआधी माझ्या टेबलावरून जातो. मागे एकाने सरळ लिहून टाकलं होतं की केबल ओव्हरलोडमुळे जळाली. मी विचारलं, ओव्हरलोड होता हे कुठे दिसलं तुला? तर म्हणे, ‘दिसलं नाही मॅम, पण तेच असणार, दुसरं काय असणार.’ मग ‘मोस्ट लाइकली’ लिही ना. ‘तसं लिहिलं तर क्लायंटला वाटेल आपल्याला नक्की माहीत नाही.’ अरे पण नाहीच आहे ना माहीत!

गंमत म्हणजे हाच मुलगा खाली टपरीवर चहा पिताना मराठीत बोलत असतो तेव्हा शंकेच्या बाबतीत पक्का कारागीर असतो. असणार, असावं, असेल बहुतेक, वाटतंय तरी, यातलं प्रत्येक अगदी जागच्या जागी, आणि ‘साहेब बदलतायत म्हणे’ मधल्या त्या ‘म्हणे’ने बातमीची जबाबदारी दुसऱ्याच्या गळ्यात टाकून मोकळा. इंग्रजीत शिरला की हे सगळं गळून पडतं. शाळेत आपण इंग्रजी शिकलो तेच मुळी उत्तरपत्रिकेची भाषा म्हणून, तिथे उत्तर बरोबर असतं नाहीतर चूक असतं, ‘बहुतेक’ला मार्क नसतात. एकच शंकेचा शब्द आपण मनापासून उचललाय तो म्हणजे ‘शुड’. ‘सर, इट शुड वर्क नाऊ.’ म्हणजे आपलं ‘चालायला पाहिजे’, आणि ‘चालायला पाहिजे’ म्हणजे काय हे ज्याने कधी घरी इलेक्ट्रिशियन बोलावलाय त्याला मी काय सांगू.

आता याच्या उलट जातही आहे. प्रत्येक वाक्यात मे, माइट, कुड, पॉसिबली. केबल ओव्हरलोडमुळे जळालेली असू शकते, किंवा इन्सुलेशन खराब असू शकतं, किंवा इतर कारणंही असू शकतात. असा रिपोर्ट कधीच चुकत नाही कारण त्याने काही म्हटलेलंच नसतं. नरो वा कुंजरो वा. आणि हे लोक मला जास्त छळतात खरं तर, कारण ठाम लिहिणाऱ्याला निदान पकडता येतं.

या विषयावर मला माहीत असलेली सगळ्यात भारी गोष्ट आहे अमेरिकेतल्या शर्मन केंटची. हा माणूस मूळचा येल विद्यापीठात इतिहासाचा प्रोफेसर, महायुद्धात हेरखात्याच्या कामात ओढला गेला आणि पुढे सीआयएत अंदाज लिहिणाऱ्या मंडळाचा कर्ताधर्ता झाला. अंदाज म्हणजे, अमुक देश तमुक देशावर हल्ला करेल का, वगैरे. तर १९५१ च्या मार्चमध्ये यांनी युगोस्लाव्हियावर एक अंदाजपत्र काढलं. तिथला सत्ताधारी टिटो याने रशियाच्या स्टालिनशी पंगा घेतलेला, आजूबाजूच्या देशांत सैन्याची जमवाजमव चाललेली, प्रश्न असा की या वर्षात युगोस्लाव्हियावर हल्ला होईल का. यांनी लिहिलं की हल्ला ही ‘सीरियस पॉसिबिलिटी’ समजावी. पत्र गेलं. काही दिवसांनी परराष्ट्र खात्यातला एक मोठा अधिकारी केंटला सहज विचारतो, अहो ते सीरियस पॉसिबिलिटी म्हणजे तुमच्या डोक्यात नक्की काय होतं, किती? केंट म्हणाला, माझ्या मते ६५ विरुद्ध ३५, होण्याच्या बाजूने. तो अधिकारी दचकलाच, कारण त्याने आणि त्याच्या लोकांनी वाचताना याच्यापेक्षा बरंच कमी धरलं होतं.

इथपर्यंत ही नेहमीची गोष्ट आहे, लिहिणाऱ्याच्या मनात एक वाचणाऱ्याच्या मनात दुसरं. माझ्या दृष्टीने खरी मजा पुढे आहे. केंटला चैन पडेना म्हणून त्याने मंडळातल्या आपल्याच सहकाऱ्यांना, म्हणजे ज्यांनी एकत्र बसून तो मसुदा पास केला होता त्यांना, एकेकाला गाठून विचारलं की तू सही केलीस तेव्हा तुझ्या मनात किती होतं. कोणी सांगितलं ८० विरुद्ध २०, होईल. कोणी सांगितलं २० विरुद्ध ८०, म्हणजे होणार नाही. बाकीचे मधे कुठेतरी. म्हणजे एका टेबलाभोवती बसलेली शहाणी माणसं, त्यातल्या एकाला वाटतंय युद्ध होणार, दुसऱ्याला वाटतंय नाही होणार, आणि दोघांनी एकाच वाक्याखाली समाधानाने माना डोलावल्या! त्यांचं एकमत झालं होतं असं त्यांना स्वतःलाही वाटत होतं.

मोघम शब्दाने वाचणारा फसतो हे आपण धरूनच चालतो, पण तो शब्द त्याआधी लिहिणाऱ्यांमधला मतभेद गिळून बसलेला असतो हे मला केंट वाचेपर्यंत असं स्वच्छ दिसलं नव्हतं. शंकेचा शब्द आणि मतभेद हे दोन वेगळे विषय नाहीतच. पहिला ढिला पडला की दुसरा दिसेनासा होतो.

(हल्ला झाला नाही, बरं का. पण ६५ टक्के म्हणणारा त्यामुळे चूक ठरत नाही, ३५ टक्केही तिथे होतेच की. हे मी ऑफिसात कितीदा सांगितलंय आणि कितीदा पुढच्याच मीटिंगमध्ये कोणीतरी ‘पण तुम्ही तर म्हणाला होतात’ सुरू केलंय.)

मग केंट आणि त्याच्या एका सहकाऱ्याने मिळून तक्ता केला. ‘ऑलमोस्ट सर्टन’ म्हणजे ९३ टक्के, सहा इकडेतिकडे. ‘प्रोबेबल’ म्हणजे ७५, बारा इकडेतिकडे. ‘चान्सेस अबाउट ईव्हन’ म्हणजे ५०. ‘प्रोबेब्ली नॉट’ ३०. खात्यात याला जोरदार विरोध झाला, आणि १९६४ मध्ये केंटने या सगळ्यावर एक लेख लिहिला त्यात त्याने सरळ दोन पार्ट्या पाडल्यात, एक गणितवाले आणि एक कवी. कवी म्हणजे ज्यांना वाटतं की आकडा लावला की भाषेचा जीव जातो. तो लेख फार मिश्किल आहे आणि तो काही विजयाचा लेख नाहीये, तक्ता सगळीकडे लागू करायचा त्याचा डाव फसलाच होता. आणि हाच केंट १९६२ च्या सप्टेंबरात रशिया क्युबात क्षेपणास्त्रं ठेवेल असं वाटत नाही अशा अंदाजाच्या मागे उभा होता, पुढच्याच महिन्यात विमानातून काढलेले फोटो आले. तक्ता असला म्हणून अक्कल येते असं नाही.

क्युबावरून आठवलं. १९६१ मध्ये केनेडी नुकताच राष्ट्राध्यक्ष झालेला, सीआयएचा बेत होता की क्युबातून पळून आलेल्या लोकांना शस्त्रं देऊन तिकडे उतरवायचं. सैन्याच्या बड्या अधिकाऱ्यांना मत विचारलं. त्यांच्या मनात यशाची शक्यता साधारण ३० टक्के होती पण कागदावर शब्द गेला ‘फेअर चान्स’. लिहिणाऱ्याला त्यातून ‘फारसं काही खरं नाही’ असं म्हणायचं होतं, वाचणाऱ्यांनी ‘बऱ्यापैकी आहे की’ असं घेतलं. १७ एप्रिलला साधारण १४०० माणसं बे ऑफ पिग्जला उतरली, तीन दिवसांत खेळ खलास, हजाराच्या वर पकडले गेले. आता एका शब्दामुळेच सगळं बुडालं असं मी म्हणणार नाही, त्या बेतात बाकीही छप्पन्न भोकं होती. पण आकडा लिहिला असता तर निदान कोणीतरी खुर्चीत सरसावून बसलं असतं.

आता घराजवळ येऊ. शिवाजीनगरला जे सिमला ऑफिस आहे, म्हणजे वेधशाळा, ते नाव पडलं कारण १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं, पण ते असो. हवामान खात्याच्या इंग्रजी बुलेटिनमध्ये खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो तो कधी वाचलाय? मी आधी कामाच्या खोडीपायी वाचला आणि मग वाचतच बसले. त्यांच्याकडे ‘लाइकली’ म्हणजे २५ ते ५० टक्के. ‘व्हेरी लाइकली’ ५० ते ७५, आणि ‘मोस्ट लाइकली’ ७५ च्या वर. म्हणजे खात्याने ‘पाऊस लाइकली’ म्हटलं तर त्यांच्याच हिशोबात तो न पडण्याची शक्यता जास्त किंवा फार तर निम्मी निम्मी! आता हवामान बदलावर जगभरचे शास्त्रज्ञ मिळून अहवाल काढतात ना, आयपीसीसी, त्यांच्या तक्त्यात ‘लाइकली’ म्हणजे ६६ ते १०० टक्के. अमेरिकन हेरखात्याचा आत्ताचा नियम आहे त्यात ‘लाइकली’ ५५ ते ८०. तीन तक्ते, तिघांचंही इंग्रजी अस्खलित, आणि शब्द एकच. पावसाचे दिवस आले की आपल्याकडे त्या लाइकलीचं मराठीत ‘शक्यता’ होतं, तिथपर्यंत ठीक आहे, पण टीव्हीच्या पट्टीत ‘कोसळणार’ होतं आणि व्हॉट्सअ‍ॅपवर तर ‘पुढील ४८ तास धोक्याचे’. ‘तुरळक ठिकाणी’ हा शब्दही असाच. खात्याच्या भाषेत त्याचा अर्थ भागातल्या फार तर पाव केंद्रांवर पाऊस, पण ऐकणारा प्रत्येक जण त्या पाव भागात आपलं गाव धरतो. मग पेरणी करून बसलेला शेतकरी दुबार पेरणीच्या खर्चात जातो आणि आपण वेधशाळेवर जोक मारतो. मॉन्सूनच्या एप्रिलमधल्या अंदाजातसुद्धा पाच टक्के कमीजास्त अशी शेपटी असते, ती बातमीपर्यंत पोचेपर्यंत कापलेली असते.

आयपीसीसीची मात्र एक गोष्ट मला मनापासून आवडते, आणि ती अशी की त्यांच्या शब्दांना चढताना बघता येतं. हवा तापतेय ती माणसामुळे का, या एकाच प्रश्नावर १९९५ च्या अहवालात त्यांनी म्हटलं की पुराव्याचा कल बघता माणसाचा प्रभाव ‘डिसर्निबल’ दिसतो, म्हणजे ओळखू येण्याइतका. त्या एका विशेषणासाठी माद्रिदच्या बैठकीत घासाघीस चालली होती, तेलवाले देश अडून बसलेले. २००१ मध्ये ते म्हणाले ‘लाइकली’. २००७ मध्ये ‘व्हेरी लाइकली’. २०१३ मध्ये ‘एक्स्ट्रीमली लाइकली’, म्हणजे ९५ टक्क्यांच्या वर. आणि २०२१ मध्ये ‘अनइक्विव्होकल’, विषय संपला. लोक म्हणतात बघा हे शास्त्रज्ञ आधी कसे चाचरत होते, पण मला उलट वाटतं की १९९५ मध्ये ते चाचरले म्हणूनच २०२१ च्या शब्दाला वजन आहे, पहिल्याच दिवशी छातीठोक बोलले असते तर पुढे वाढवायला काय राहिलं असतं. यातही एक गोम आहेच. डेव्हिड बुडेस्कू नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी लोकांना हीच वाक्यं वाचायला देऊन विचारलं की व्हेरी लाइकली म्हणजे किती समजलात, तर तक्ता असूनही लोक ते पन्नासच्या दिशेने खाली ओढत होते. तक्ता दूर कुठेतरी ठेवण्यापेक्षा वाक्यातच शब्दाला चिकटून आकडा दिला की समज सुधारते असंही त्यांना दिसलं. मी रिपोर्टमध्ये तेच करायला लावते.

मावशीच्या वेळेला याचा घरी अनुभव आला. तिची मॅमोग्राफी झाली, रिपोर्टमध्ये शेवटी होतं बायरॅड्स ३, ‘प्रोबेब्ली बिनाइन’. बिनाइन म्हणजे साधी गाठ हे तिला माहीत होतं, पण ती आणि काका दोघं ‘प्रोबेब्ली’वर अडकून बसले. काका म्हणाले, ‘प्रोबेब्ली म्हणजे काय, म्हणजे यांनाच खात्री नाही.’ मावशी म्हणाली, ‘मला सांगत नाहीयेत ते.’ रात्री फोन, सकाळी फोन. शेवटी रेडिऑलॉजिस्ट बाईंनाच भेटलो, त्यांनी शांतपणे सांगितलं की हा शब्द त्यांच्या मनाचा नाहीये, ठरलेला आहे, तीन नंबरचा अर्थ कॅन्सर निघण्याची शक्यता शंभरात दोनपेक्षा जास्त नाही, म्हणून लगेच सुई टोचायची नाही, सहा महिन्यांनी परत फोटो काढून बघायचं. चार नंबर असता तर दोनापासून पंचाण्णवपर्यंत कुठेही, म्हणून त्याचेही अ, ब, क पाडलेत आणि तिथे तपासायला तुकडा घेतात. मावशीचा चेहरा त्या ‘शंभरात दोन’ने जो सैल झाला तो ‘काळजीचं काही नाही’ या वाक्याने झाला नव्हता, आणि ते वाक्य तर तिला आम्ही सगळ्यांनी आलटून पालटून ऐकवलं होतं. ‘अगं मग तसंच लिहायचं ना त्यांनी, शंभरात दोन,’ एवढंच ती रिक्षात म्हणाली. तिला माहीत नाही पण ती केंटच्या पार्टीतली आहे.

पण सगळ्यात महागात पडलेलं ‘आय थिंक’ म्हणजे इराकचं. २००२ च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकन हेरखात्यांनी मिळून सद्दामच्या शस्त्रांवर गुप्त अंदाजपत्र केलं. ते काही फार उत्तम नव्हतं, नंतर त्याच्या चिंधड्या उडाल्या, पण त्यात निदान ‘वुई जज’, ‘वुई असेस’ असे शब्द होते, म्हणजे हा आमचा कयास आहे. आणि त्यात असहमती नाव घेऊन छापली होती. परराष्ट्र खात्याच्या गुप्तचर शाखेने अणुकार्यक्रमाबद्दल आम्हाला हे पटत नाही असं लेखी दिलं होतं, आणि त्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळ्या, ज्यांच्यावरून इतकं रान पेटलं, त्या अणुबाँबसाठी नसाव्यात असं ऊर्जा खातं म्हणत होतं, आणि नळ्यांतलं त्यांना कळतं. मग त्याच महिन्यात लोकांसाठी एक उघडी आवृत्ती काढली. त्यातून ‘वुई जज’, ‘वुई असेस’ उडाले. असहमत कोण आहे ते उडालं, नळ्यांपाशी फक्त ‘काहींना असं वाटतं’ एवढं उरलं. राहिलं ते सरळ विधान, इराककडे अमुक आहे, इराक तमुक करतोय. मार्च २००३ मध्ये युद्ध, आणि ती शस्त्रं काही सापडली नाहीत. २००४ मध्ये सिनेटच्या समितीने चौकशीचा अहवाल दिला त्यात हे शब्द गाळण्यावर वेगळं बोट ठेवलंय. युद्ध व्हायला कारणं बरीच होती आणि राज्यकर्त्यांना करायचंच होतं हे मान्य, पण तो उघडा कागद मी जेव्हा पहिल्यांदा मूळच्या शेजारी ठेवून वाचला तेव्हा मला आमची ती ट्रेनिंगची स्लाइडच दिसली. आय थिंक काढा. कॉन्फिडंट वाटतं.

असहमतीच्या शब्दांचं जरा वेगळं आहे, तिथे आपण मराठी माणसं इंग्रजीत मुद्दाम शिरतो. मीटिंग मराठीत चाललेली असते, साहेब काहीतरी बोलतात, आणि ज्याला पटलेलं नाही तो एकदम ‘सर, आय सी इट अ बिट डिफरंटली’. हे मी इतक्यांदा पाहिलंय. मराठीत त्याला आधी ठरवावं लागतं की ‘तुमचं चुकतंय’ म्हणू का ‘तुम्ही म्हणता ते बरोबर आहे पण’ म्हणू, सर म्हणू का दादा म्हणू, वय, जात, गाव, आडनाव सगळं त्या एका वाक्यात येऊन बसतं. इंग्रजीत सगळ्यांना एकच यू. कोणाच्या अंगणात न जाता बोलता येतं. घरी मात्र हे चालत नाही, मी एकदा बाबांना ‘आय डोंट अ‍ॅग्री’ म्हटलं तर ते म्हणाले, ‘इंग्रजी कशाला फाडतेस, नाही म्हणायचंय ना, नाही म्हण.’ आणि मग स्वतः ‘बघू’ म्हणाले. त्यांच्या ‘बघू’चा तक्ता आम्हा भावंडांना पाठ आहे, ते ‘ऑलमोस्ट सर्टनली नॉट’.

कोर्टातली असहमतीची इंग्रजी तर एक स्वतंत्र कला आहे. वकिलांमध्ये जुना जोक आहे की ‘विथ रिस्पेक्ट’ म्हणजे तुमचं चुकलंय, ‘विथ ग्रेट रिस्पेक्ट’ म्हणजे साफ चुकलंय, आणि ‘विथ अटमोस्ट रिस्पेक्ट’ म्हणजे तुम्हाला उपचारांची गरज आहे. पण या भाषेतली एक असहमती मला थेट भिडते. आणीबाणीत, २८ एप्रिल १९७६ ला, सुप्रीम कोर्टाने जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक असा निकाल दिला की सरकारने कोणाला आत टाकलं तर त्या काळात कोर्टात दाद मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती एच. आर. खन्ना वेगळे पडले, आणि पुढे सरन्यायाधीशपद त्यांच्या हातून गेलं, ते राजीनामा देऊन घरी गेले. त्या चारांत एक होते आपले पुण्याचे यशवंतराव चंद्रचूड. मग २४ ऑगस्ट २०१७ ला, खाजगीपणाच्या हक्काच्या निकालात, त्यांचे चिरंजीव धनंजय चंद्रचूड लिहितात की जबलपूर खटल्यातल्या बहुमताच्या चारही न्यायाधीशांचे निकाल ‘सीरियसली फ्लॉड’ आहेत. चारही. पेर्हॅप्स नाही, विथ रिस्पेक्ट घालून गुळगुळीत केलेलं नाही. वडील तेव्हा हयात नव्हते. हे वाक्य कुठल्याही मराठी घरातल्या दिवाणखान्यात, वडिलांच्या फोटोखाली, मराठीत म्हणून बघा मनातल्या मनात.

म्हणजे प्रत्येक ठिकाणी ‘आय मे बी राँग’ घालायलाच पाहिजे असं माझं अजिबात म्हणणं नाही. एकेचाळीस वर्षांत सगळं तपासून झाल्यावर माणसाने ‘फ्लॉड’ म्हणावं, तिथे ‘मला वाटतं’ हा नुसता ओशाळेपणा झाला असता. उलट नम्र शब्द वापरणारा नम्र असतोच असंही नाही. इंग्लंडचा सेनापती क्रॉमवेल, त्याचं ते प्रसिद्ध पत्र, ऑगस्ट १६५० मध्ये स्कॉटलंडच्या चर्चला लिहिलेलं, त्यात तो ख्रिस्ताची शपथ घालून विनवतो की तुमचं चुकत असेल ही शक्यता तरी मनात आणा. काय सुंदर वाक्य आहे, इंग्रजीत शंकेवर बोलणारा प्रत्येक जण ते कुठेतरी वापरतो. फक्त लिहिणारा सैन्य घेऊन गेला होता, आणि महिन्याभरात डनबारला त्याने त्यांना चिरडलं. तुमचं चुकत असेल म्हणाला तो, माझं चुकत असेल असं त्या वाक्यात कुठेही नाही!

‘अग्री टू डिसअग्री’चंही असंच वाटोळं झालंय. आता ते म्हणजे फोन ठेवायची सभ्य पद्धत. १७७० मध्ये जॉन वेस्लीने ते वापरलं ते जॉर्ज व्हाइटफील्डच्या मृत्यूनंतरच्या प्रवचनात. दोघं मेथडिस्ट नावाच्या ख्रिस्ती पंथाचे धर्मोपदेशक, जुने मित्र, आणि देवाने कोणाला तारायचं हे आधीच ठरवून ठेवलंय का यावर आयुष्यभर भांडलेले, छापून भांडलेले. तरी व्हाइटफील्डच्या मागे बोलायला वेस्लीच उभा राहिला आणि म्हणाला की मुळाशी नसलेल्या गोष्टींत आपण वेगळं मत धरायला एकमत होऊ शकतो. नातं तोडायला नाही, टिकवायला म्हणाला होता तो.

आमच्या ऑफिसात गेल्या वर्षीपासून मी एक केलंय. रिपोर्टवर तिघांच्या सह्या असतात, तर सहीच्या आधी तिघांनी वेगवेगळ्या चिठ्ठीवर, एकमेकांना न दाखवता, मुख्य कारणाची शक्यता किती वाटते तो आकडा लिहायचा. सुरुवातीला हसले. मग एका पंपाच्या रिपोर्टवर ‘प्रोबेबल कॉज’ म्हणून तिघं खुशीत होते, चिठ्ठ्या उघडल्या तर ९०, ७० आणि ४०. चाळीसवाला सगळ्यात ज्युनिअर, साताऱ्याचा मुलगा, दोन तासांच्या मीटिंगमध्ये एक शब्द बोलला नव्हता. बाकी दोघांचं म्हणणं होतं की ग्रीसिंग नीट न झाल्यामुळे बेअरिंग गेलं, ते तापून निळं पडलेलं दिसत होतं. हा म्हणाला निळं पडलंय ते खरं, पण रेसवरची, म्हणजे बेअरिंगच्या कड्यावरची, झीज तिरकी आहे, मला वाटतं पंप आणि मोटर एका रेषेत नाहीत आणि तापणं हे त्याच्यानंतरचं आहे.

तरी तोच मुलगा आकड्यांवर माझ्याशी भांडला. ‘मॅम, माझ्या डोक्यात चाळीस नव्हतंच, तुम्ही चिठ्ठी दिलीत म्हणून मी तयार केलं. पस्तीस का नाही, पन्नास का नाही, मला नाही सांगता येणार. हे पण खोटंच ना?’ मुद्दा बिनतोड आहे, केंटचे कवी हेच म्हणायचे. मी त्याला आयपीसीसीची युक्ती सांगितली, ते शक्यता वेगळी देतात आणि त्यामागे भरवसा किती हे वेगळं देतात, पुरावा किती आहे आणि आपसात एकमत किती आहे यावरून, लो, मीडियम, हाय. म्हणजे चाळीस लिही आणि पुढे लो कॉन्फिडन्स लिही. तो म्हणाला लो कॉन्फिडन्सचा चाळीस म्हणजे काय हे क्लायंटला कसं कळणार. आमचं यावर अजून जमलेलं नाही, तो अजूनही चिठ्ठीवर आकडा लिहितो आणि पुढे प्रश्नचिन्ह काढतो.

तो रिपोर्ट आम्ही दोन्ही लिहून पाठवला. ग्रीसिंग, साधारण ६५ टक्के. रेषा चुकलेली असणं, साधारण ३० टक्के, आणि असं मत टीममधल्या एकाचं जास्त ठाम आहे, कारण तिरकी झीज, फोटो क्रमांक अमुक. साहेब थोडे कुरकुरले, असं दोन तोंडांनी बोललेलं बरं दिसत नाही म्हणाले. क्लायंटकडच्या मेंटेनन्स मॅनेजरचा तासाभरात फोन आला, मराठी माणूस, त्याने एवढंच विचारलं की यातलं स्वस्तात काय तपासता येईल. सातारकराने सांगितलं, अलाइनमेंट, अर्धा दिवस पंप बंद ठेवलात तर डायल लावून कळेल. ‘मग उद्या तेच बघतो आधी,’ तो म्हणाला, ‘ग्रीस तर काय आम्ही असंही बदलणारच आहोत.’